शेल्बीचा पलंग कुठल्या हद्दीत

आमच्याकडे घर बघायला आलेलं माणूस छप्पर गळतं का, तळघरात पाणी शिरतं का, हे सगळं मागाहून विचारतं. आधी विचारतं ते, इथे शाळा कुठली लागते. लेकरू अजून पोटात असतं, तरी विचारतं. हॅलस्टेडची हद्द असली तर पडकं घरही हातोहात जातं. कॉर्विनची असली तर नवा रंग द्या, दारात फुलझाडं लावा, ‘भाड्याने देणे’ची पाटी अंगणात महिनोन्‌महिने उभीच. या दोन हद्दींच्या मधे जे काही आहे त्याला आम्ही नुसतं ‘रेघ’ म्हणतो. ती दिसत नाही. पण आमच्या टॅनर रोडवर कुणालाही झोपेतून उठवून विचारा, कुणाचं घर रेघेच्या अलीकडे आणि कुणाचं पलीकडे, घडाघडा सांगेल.

मी ऑर्लीन. हॅलस्टेडच्या शाळेच्या स्वयंपाकघरात माझा जन्म गेला, पोरांच्या ताटात वाटाणे वाढण्यात. वाटाणे कुणी खात नसे, तरी वाढायचे, कारण वरून तसा हुकूम होता. आता घरी बसते आणि रस्त्यावर लक्ष ठेवते. लोक म्हणतात, ऑर्लीनला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची खोड आहे. आहे तर आहे. माझं नाक आहे, मी कुठेही खुपसेन.

म्हणूनच व्हॅनेटा प्रुइट आली त्या दिवशी सगळ्यांत आधी तिला मीच पाहिलं. समोरच्या वेंडलिंगच्या घरापुढे केंटकीची नंबरपाटी असलेली गाडी थांबली, टपावर गादी दोरीने आवळलेली. काटकुळी बाई उतरली, मागून दहा वर्षांची मुलगी. मुलीचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता, आणि हसताना ती ओठावर हात धरत होती. मी शिष्टाचार म्हणून मक्याचा पाव घेऊन गेले. तो हातात घेता घेता बाईने विचारलं, “बाई, इथल्या शाळेत नर्स रोज असते ना? अख्खा दिवस?”

“हॅलस्टेडला असते की,” मी म्हटलं. “कॉर्विनला तीन शाळांत मिळून एक. ती आज इथे तर उद्या तिथे.”

तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. “मग बरं,” म्हणाली. “आमचा पत्ता हॅलस्टेडचाच आहे.”

त्या घराची भानगड मला ठाऊक होती. तोंड उघडायची घाई मला नेहमीच असते, पण त्या दिवशी जीभ उचलली नाही. बाई दमून आली होती, पाव अजून गरम होता.

व्हॅनेटा केंटकीच्या डोंगरातली, कोळशाच्या खाणीच्या गावची. बाप खाणीत, भाऊ खाणीत, नवराही खाणीत. खाण बंद पडली तसा नवरा कामाच्या शोधात टेक्सासला गेला आणि तिकडचाच झाला. ही मागे राहून वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करी. त्यांना अंघोळ घालायची, कूस बदलायची, अंथरूण बदलायचं. आईकडून दोनच गोष्टी मिळाल्या म्हणायची ती, चिवट हाडं आणि लाज. घरातलं ओलं-सुकं बाहेरच्याला दिसू द्यायचं नाही, ही आईची शिकवण.

आणि शेल्बीला फिट यायच्या. कधी महिना महिना नाही, कधी लागोपाठ दोन. तिकडच्या शाळेत एकदा जेवणाच्या सुट्टीत आली. तिथे नर्स नव्हती. एका मास्तराने घाबरून पोरीच्या दातांत चमचा घातला, तेव्हा तो दात गेला. दातापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच झाली. फिटमधे पोरीचे कपडे ओले झाले, आणि भोवती जमलेल्या मुलांनी फोनवर ते टिपून घेतलं. पुढे तिला वर्गात काय नावाने हाका मारत, ते व्हॅनेटाने मला कधी सांगितलं नाही. शेल्बीने आईकडून वचन घेतलं होतं, नव्या गावात हे कुणाला कळता कामा नये. नर्सला सांग, बाकी कुणाला नाही. मला व्हॅनेटाने सांगितलं ते पोरीच्या नकळत, अडीनडीला समोर कुणी असावं म्हणून.

म्हणून ही नोकरी सोडून, सामान गाडीवर बांधून आली. घर दाखवणाऱ्या बाईला तिने शाळेचं विचारलं होतं. ती गोड हसली आणि म्हणाली, शाळांबद्दल आम्ही काही बोलायचं नसतं, तुम्हीच चौकशी करा. व्हॅनेटाने चौकशी केली, म्हणजे पत्ता वाचला. टॅनर रोड, हॅलस्टेड. वर्षाचा करार सही करून मोकळी. बाहेरचे लोक नेमके इथेच फसतात. टपालवाल्यांचं हॅलस्टेड पार कॉर्विनच्या पोटात शिरलेलं आहे. शाळेचं हॅलस्टेड वेगळं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

नाव घालायला ती शाळेच्या कचेरीत गेली आणि परत आली ती थेट माझ्या दारात. ओठ पांढरे पडले होते.

“मिस ऑर्लीन, त्या म्हणतात घर रेघेवर आहे. घर कसं रेघेवर असेल?”

“असतं ना,” मी म्हटलं. “बस आधी.”

मी तिला वेंडलिंगची गोष्ट सांगितली. म्हातारा हॅप वेंडलिंग, देव त्याला सुखी ठेवो, पोरं वाढली तशी त्याने घरामागे दोन झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर चढवलं. रेघ कुठून जाते ते विचारायला तो कुणाकडे जातोय! त्यामुळे पुढची खोली आणि स्वयंपाकघर हॅलस्टेडमधे, आणि निजायच्या खोल्या सगळ्या कॉर्विनमधे. अशा घरांसाठी इथे नियम आहे. मूल रात्री जिथे झोपतं, तिथली शाळा.

“एवढंच?” ती म्हणाली. तिच्या गालांवर रंग आला. “मग तिचा पलंग पुढच्या खोलीत टाकते.”

“टाक. पण लक्षात ठेव, इथे सगळेच टाकतात. म्हणून तर गादीवाला येतो.”

गादीवाला म्हणजे ड्रेसलर. पूर्वी पोलिसात होता, आता शाळेच्या हद्दीचा तपास करतो. उजाडायच्या सुमारास न सांगता येतो, टाय लावून, अगदी अदबीने. मूल कुठे झोपलंय ते पाहतो. आणि मूल उठलेलं असलं तर अंथरुणावर पालथा हात ठेवून ऊब बघतो. पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईने पुढच्या खोलीत नुसता शोभेचा पलंग मांडला होता. गादीवाल्याने हात ठेवला, गार. पोराचं नाव त्याच आठवड्यात कापलं गेलं, वर दंडाची नोटीस.

हे मी सांगितलं ते सावध करायला. पण त्या दिवसापासून त्या घरात भीती राहायला आली. पुढच्या खोलीत शेल्बीचा पलंग, त्याला लागून सोफा, त्यावर व्हॅनेटा. तिचा स्वतःचा मोठा पलंग पुढे मावेना म्हणून मागेच राहिला. स्वयंपाकघराच्या जमिनीवर तिने रंगाऱ्यांची निळी चिकटपट्टी लावली, रेघ कळावी म्हणून. शेल्बी ती पट्टी उडी मारून ओलांडायची. न्हाणीघर पलीकडे, त्यामुळे पोरगी ओरडून सांगायची, “ममा, कॉर्विनला जाऊन येते गं!” मी हसायचे. व्हॅनेटा एकदाही हसली नाही.

रस्त्यावर कुठली गाडी जरा हळू झाली तरी ती जेवता जेवता थांबायची. घास हातात धरून ती खिडकीकडे बघत राहायची. पहाटे चाहूल लागली की सोफ्यावर उठून बसे आणि शेल्बी पलंगावरच आहे ना, हे चाचपून बघे. तिने पोरीला पहाटे पाणी प्यायलाही उठू देणं बंद केलं.

“अगं, पोरीला फिट येतात हे कचेरीत सरळ सांगून टाक,” मी म्हणायचे. “त्या कारणाने कुणी नाकारू शकत नाही. कायदा आहे.”

“कायदा तिकडेही होता, मिस ऑर्लीन. तिकडे मला काय म्हणाले माहितीय? काही दिवस घरीच ठेवा तिला. ते काही दिवस संपलेच नाहीत. आधी जागा पक्की होऊ दे. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नर्सच्या कानात सांगेन.”

“आणि तोवर?”

“तोवर गादीवाला येऊन जाऊ दे.”

दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तिला काय बोलणार. पण मलाही भीती वाटायला लागली होती, खरं सांगते. सकाळी उठले की मी आधी समोर बघायचे, तो आलाय का.

ऑगस्ट संपत आला, शाळा तोंडावर आली, आणि त्या सकाळी व्हॅनेटाचा फोन आला. नुकतं फटफटत होतं. “या,” एवढंच म्हणाली. मी गाऊनवर कोट चढवून, सपाता घालून धावत रस्ता ओलांडला.

शेल्बीला मोठी फिट येऊन गेली होती. पलंग भिजला होता. व्हॅनेटाने पोरीला उचलून मागे न्हाणीघरात नेलं, पुसलं, कोरडे कपडे घातले आणि शेजारच्या खोलीतल्या आपल्या पलंगावर निजवलं. त्या घटकेला रेघबिघ कुठली आठवतेय! पोरगी श्वास घेतेय की नाही, एवढंच आईला दिसत होतं. फिटनंतर शेल्बी मेल्यासारखी झोपे, हलवूनही उठत नसे. मी तिच्या उशाशी बसले. श्वास नीट चालला होता. ओठांचा निळा रंग हळूहळू जात होता.

तेवढ्यात व्हॅनेटाने पुढे जाऊन पलंग आवरला. कुणी सांगितलं नव्हतं, विचारही केला नसेल तिने. वर्षानुवर्षांची सवय. ओली चादर काढून मशीनमधे टाकली, ओल्या गादीवर जाड पांघरूण घडी करून पसरलं, त्यावर धुतलेली चादर ताणली, चारी कोपरे वृद्धाश्रमात खोचतात तसे खोचले. एक सुरकुती नाही. त्या पलंगावर जन्मात कुणी झोपलंय असं वाटू नये, इतका छान आवरला तिने.

मी उठून पुढच्या खोलीत आले, आणि दारावर टकटक झाली.

व्हॅनेटाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातातली उशी खाली पडली. काचेतून टाय दिसत होता.

“माफ करा, मिसेस प्रुइट,” ड्रेसलर आत येत म्हणाला. “लवकर आलो, पण आमचं कामच तसं. शेल्बी कुठेय?”

“झोपलीय.”

“कुठे?”

व्हॅनेटाने पडलेली उशी उचलली. खोटं बोलली असती तर चार पावलांवर उघडं पडलं असतं. “मागे,” ती म्हणाली.

“मागे,” तो म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता, हे मी त्याच्या बाजूने सांगते. तो आत गेला, मागच्या पलंगावर पांघरुणात झोपलेली मुलगी त्याने पाहिली आणि परत पुढे आला. मग गुळगुळीत आवरलेल्या त्या पलंगापाशी थांबला आणि त्यावर हात पालथा ठेवला. अगदी हलकेच. आम्ही दोघी त्या हाताकडे बघत होतो.

“गार आहे,” तो म्हणाला.

“ती इथेच झोपते,” व्हॅनेटा म्हणाली. “रोज. शप्पथ.”

“मिसेस प्रुइट, मला हे प्रत्येक घरात ऐकावं लागतं. आज तेवढी मागे झोपली, असंच ना?”

“हो, आज... आज जरा...”

“आज काय झालं?”

तिने मागच्या खोलीकडे पाहिलं. मला राहवेना. “अहो ड्रेसलर, ऐका, त्या पोरीला...” मी सुरुवात केली, तोच व्हॅनेटाने माझं मनगट असं आवळलं की मी कळवळले. तिच्या डोळ्यांत मी जी भीती पाहिली, ती शाळा जाईल याची नव्हती. आत पोरगी होती, आणि पोरीला वचन दिलेलं होतं. बोलावं तर पोरीचा विश्वास जाणार, न बोलावं तर पोरीची नर्स जाणार. तिने माझं मनगट सोडलं नाही, आणि मला माझ्या जिभेचा पहिल्यांदाच काही उपयोग नव्हता.

“ठीक आहे,” ड्रेसलर हळू आवाजात म्हणाला. “मला जे दिसलं तेच लिहावं लागेल. कॉर्विनची शाळाही काही वाईट नाही हो.” त्याने खिशातून पेन काढलं.

“दाबा.”

स्वयंपाकघराच्या दारात शेल्बी उभी होती. भिंतीला एक हात टेकलेला, केस तोंडावर आलेले, डोळे अर्धे मिटलेले. फिटनंतर तिची जीभ जड व्हायची, शब्द सावकाश यायचे.

“काय म्हणालीस, बाळ?” ड्रेसलरने विचारलं.

“अजून दाबा. जोरात.” तिने श्वास घेतला. “खाली ओलं आहे.”

“शेल्बी, नको!” व्हॅनेटा म्हणाली.

“माझंच आहे ते. मला फिट येते. मग होतं तसं.” त्याच्या टायकडे बघतच ती बोलली. तोंडाकडे बघितलं नाही. “मी इथेच झोपते. तुम्ही दाबून बघा ना.”

ड्रेसलरने लगेच दाबलं नाही. पण पोरगी बघत होती, दुसरं काही तिला नको होतं, हेही त्याला कळलं असावं. त्याने चादरीवर तळवा ठेवला आणि भार दिला. धुतलेल्या चादरीवर ओल उमटली, आधी अंधुक, मग त्याच्या बोटांभोवती सगळीकडे. घरभर वास पसरला. तो तसाच वाकून राहिला. मग सावकाश हात उचलला. त्याने हात तिच्यासमोर पुसला नाही, नुसता बाजूला धरून ठेवला. त्यासाठी मी त्याला आजही मक्याचे दोन पाव देईन.

“तुम्ही कुणाला सांगाल?” शेल्बीने विचारलं.

“मूल पुढच्या खोलीत झोपतं, एवढंच लिहीन,” तो म्हणाला. “बाकी लिहायचं काही कारण नाही.”

“शाळेतल्या मुलांना?”

“नाही.”

“तुमची मुलं आहेत त्या शाळेत?”

“होती. आता मोठी झाली.” तो दाराशी गेला, तिथे जरा घुटमळला. व्हॅनेटाला म्हणाला, “नर्सला आजच भेटा. चांगली बाई आहे ती.” मग गेला.

मी टाळी वाजवली. काय करू, आनंद झाला की मला टाळी वाजवावीच लागते. “मिळाली गं जागा! मिळाली!” मी म्हणाले.

व्हॅनेटा पलंगाशेजारी खाली जमिनीवर बसली होती. तिने पोरीला जवळ ओढलं नाही, पोरीकडे बघितलंही नाही. पोरीपुढे तिला स्वतःचीच लाज वाटत होती. “मिस ऑर्लीन,” ती म्हणाली, “हे तिला कुणासमोर बोलावं लागू नये म्हणून मी घर सोडून इथे आले. आणि इथे आल्यावर तिला पहिल्यांदा तेच बोलायला लावलं. एका परक्या पुरुषासमोर.”

“तू नाही लावलंस. ती स्वतः बोलली.”

“मी गप्प होते म्हणून बोलली.”

मशीनमधे ओली चादर तशीच पडली होती, कुणी बटण दाबलं नव्हतं. शेल्बीचे पाय लटपटत होते. तिचं डोकं एकदा छातीवर पडलं, एकदा सावरलं. तिला झोपेची फार गरज होती, फिटनंतर असते तशी. ती आधी ओल्या पलंगाकडे बघत राहिली, मग मागच्या कोरड्या खोलीकडे.

“ममा,” ती म्हणाली, “आता मी कुठे झोपू?”

व्हॅनेटा उठली. आधी खिडकीपाशी गेली, पडदा जरासा सारला आणि त्याची गाडी खरंच गेली का, ते बघत उभी राहिली.